उंदरांनी खाल्लेली पानं

१२ मार्च, मंगळवार. ढग, बोचरा वारा.

अक्षरवर्गाची सो मास्तरीण म्हणते, आजी, रोज चार ओळी लिहीत जा, हात सुटेल. मी विचारलं, वाचणार कोण? म्हणाली, कुणी नाही, तुमचं तुमच्यापाशी. मग बरं आहे. खोटं लिहायची गरज नाही.

आज वनसंग्रहालयाचे प्योन साहेब आले. बूट चकचकीत. आमच्या चिखलात पाऊल कुठे टाकावं हे त्यांना समजेना, म्हणून कोंबडीसारखे चालत शेडपर्यंत गेले. शेडमध्ये जेमुशी उभी आहे. कोरियाच्या लढाईत अमेरिकेच्या लष्कराने आणलेला दहा टायरांचा ट्रक. लढाई संपली, लष्कर गेलं, ट्रक डोंगरात लाकडं ओढायला राहिले. माझ्या म्हाताऱ्याची सगळी उमर त्याच्या स्टिअरिंगमागे गेली. मी जन्म दिलेली पोरं मोठी होऊन शहरात पळाली, ही जेमुशी मात्र घर सोडत नाही.

साहेबांना ती संग्रहालयात ठेवायची आहे, पण कारखान्यातून निघाली होती तशी. आमच्या जेमुशीत कारखान्याचं आता काय उरलंय? इंजिन एका बसचं, मडगार्ड तेलाच्या पिंपाचे पत्रे ठोकून केलेले, दाराची कडी माझ्या जुन्या कपाटाची. म्हातारा म्हणाला, "जुने सगळे भाग शेडमध्येच आहेत. कारखान्याचं पुस्तकही आहे."

आणि आहेही. फौजेत तो दुरुस्तीच्या पलटणीत होता, तिथून निघताना घेऊन आला. अमेरिकन कारखान्याचं दुरुस्तीचं पुस्तक, आपल्या लोकांनी आपल्या भाषेत आणलेलं. आम्ही तीन घरं बदलली, माझ्या माहेरची पेटी हरवली, पुस्तक हरवलं नाही.

त्याने अट घातली. जेमुशी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर मेल्या बैलासारखी जाणार नाही. स्वतःच्या चाकांवर जाईल आणि मीच नेईन. मग घर बंद करून गिहोकडे, वोंजूला. गिहो आमचा थोरला. त्याच्या अकराव्या मजल्यावर खोली तयार आहे, नळाला गरम पाणी आहे. मी म्हटलं, "साहेब ऐकतायत हं. मागाहून शब्द गिळाल तर घशात अडकेल."

छप्पन्न हिवाळे मी गारठलेल्या ओढ्यावर किमचीच्या लोणच्याचा कोबी धुतलाय. आता पुरे.

३ एप्रिल, बुधवार. ऊन, पण सावलीत गारठा.

म्हाताऱ्याला दूरचं दिसतं, हातातलं दिसत नाही. समोरच्या डोंगरावर कुणाची गाय चरतेय ते सांगेल, पण पुस्तकातली अक्षरं म्हणजे त्याला माश्या बसल्यासारखी. म्हणून पुस्तक मी वाचते. तो गाडीखाली आडवा, मी बादली पालथी घालून तिच्यावर. जिला चौऱ्याहत्तर वर्षं स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती आता ट्रकला पुस्तक वाचून दाखवते.

मला त्यातलं काही समजत नाही. जे दिसतं ते उच्चारते. मधेच चिनी अक्षरं येतात, ती आम्हाला वर्गात शिकवलेली नाहीत. तिथे मी "हं" म्हणते आणि खालून तो शब्द भरतो.

"नळीच्या तोंडाशी हं-ची चकती बसवावी."

"तांब्याची!"

"हं चकती परत वापरू नये."

"जुनी! जुनी चकती परत वापरू नये. पुढे."

पुस्तकात फक्त गाडी उकलायची कशी तेवढं सविस्तर लिहिलंय. जोडण्याच्या जागी एकच ओळ. जोडणी उकलण्याच्या उलट क्रमाने करावी. म्हणजे तेच पान मी खालून वर वाचायचं. फौजेत जाऊन आलेल्या प्रत्येक पुरुषाला ही ओळ पाठ असते, आणि प्रत्येकाला वाटतं की विनोद पहिल्यांदा त्यालाच सुचला. संध्याकाळी मी मोजे काढले, तर म्हातारा म्हणतो, "सकाळी उलट क्रमाने घाल." पन्नास वर्षांपूर्वी हसले होते. आता नाही हसत.

१९ एप्रिल, शुक्रवार. वारा.

ब्रेकचा धडा संपला. सगळी चाकं झाली. माझा घसा बसलाय. म्हाताऱ्याने जेवताना दोनदा भात मागितला. कामावर असताना मागायचा तसा.

६ मे, सोमवार. ऊन.

बटाटे लावून झाले. जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात भाताच्या तुसात पुरून ठेवलेलं होतं, ग्रीस फासून. गिहो सुट्टी घेऊन आला, साखळी लावून बापलेकांनी ते चढवलं. गिहोने बोटावर हातोडी मारून घेतली. कचेरीत बसणाऱ्याची बोटं. बापाने बघून म्हटलं, "नख उलट क्रमाने येईल." पोरगा हसला. तो अजून हसतो.

आरोग्य केंद्राची पोरगी घरोघर फिरतेय. साठीच्या पुढच्या सगळ्यांना प्रश्न विचारते. म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" हा म्हणाला, "पोरी, शेतकऱ्याला वार कसला? पाऊस कधी ते विचार." शेजारची यंगवॉलवाली तिथेच होती (तिचं माहेर यंगवॉल, तशी मी जिनबूवाली), ती फिदीफिदी हसली. पोरगीही हसली आणि कागदावर काही लिहून निघून गेली. बायकांना बोलण्यात गुंगवायचं कसब याचं पहिल्यापासूनचं. त्यातच मी फसले.

२८ जून, शुक्रवार. पाऊस, पाऊस.

आज सकाळी म्हणतो, "पुस्तक आण. ब्रेक उघडू."

मी म्हटलं, "ब्रेक एप्रिलात झाले."

"कुणी केले?"

"माझ्या आजोबांनी. अहो, तुम्हीच केले की."

तो जरा वेळ चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पावसात ओल धरते. एकदा पाहून घेतलेलं बरं." मग काय, बादली पालथी, मी वर, तो खाली. हं-ची चकती आली. मी थांबले. खालून आवाज नाही. मला वाटलं, झोपला. पायाने ढोसलं.

"हं-ची चकती!"

"ऐकतोय. पितळेची."

"एप्रिलात तांब्याची होती."

"तुझं लक्ष आहे का ते पाहत होतो."

परीक्षा घेतो मेला. पण मी ओळखून आहे. हा वेळकाढूपणा आहे. जोवर जेमुशी होत नाही, तोवर वोंजूला जावं लागत नाही. झालेलं उसवायचं, पुन्हा शिवायचं. माझी सासू असंच करायची, शिवण संपलं की स्वयंपाकाला लागावं लागे म्हणून. रक्त कुठे जाणार.

९ जुलै, मंगळवार. पाऊस थांबलाय, उकाडा.

तिसऱ्यांदा. "पुस्तक आण, ब्रेक उघडू." मी भांडले नाही. भांडायलाही ताकद लागते. दुपारी तो झोपला तेव्हा पुस्तकाची शिवण कात्रीने उसवली, ब्रेकची चार पानं काढली आणि तांदळाच्या रांजणात तळाशी घातली. संध्याकाळी पुस्तक उघडून दाखवलं.

"ब्रेकची पानं उंदरांनी खाल्ली."

"सगळी?"

"उंदीर काय चव घेऊन सोडून देतो?"

त्याने पुस्तक हातात घेतलं, जिथे पानं नव्हती तिथे बोट फिरवलं. उसवलेली शिवण बोटाला लागली असेलच. म्हणाला, "मग पुढचा धडा वाच."

हे काम मी मार्चमध्येच करायला हवं होतं.

२४ ऑगस्ट, शनिवार. ढग.

वर्गात मास्तरणीने फर्मान काढलंय. सगळ्यांनी घरातलं एखादं पुस्तक आणायचं, त्यातलं एक पान पाठ करायचं आणि वर्गाच्या समारंभात उभं राहून म्हणायचं. यंगवॉलवाली नातवाचं कवितांचं पुस्तक घेऊन बसलीय. आमच्या घरात पुस्तक एकच. मी सोपं पान शोधलं. 'उतारावर गाडी चालवणे.' अक्षर मोठं, चिनी शब्द जवळजवळ नाहीत.

म्हाताऱ्याला म्हटलं, मी म्हणते, चुकलं तर सांगा. तो चिडला. "मला गाडी चालवायला शिकवतेस? ह्या डोंगरात मला?" चिडला तसा उठून बाहेर गेला, आणि बाहेर जाऊन कशासाठी गेला ते विसरल्यासारखा अंगणात उभा राहिला. राग आला की माणसाचं असंच होतं.

कोंबड्यांसमोर पाठ केलं. त्या चुका काढत नाहीत.

५ सप्टेंबर, गुरुवार. निरभ्र.

समारंभ झाला. यंगवॉलवाली कविता म्हणताना रडली, तिला बघून सरपंचीणबाई रडली. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "उतरण लागण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबवावी." मागे बसलेले पुरुष हसून लोळले. मी थांबले नाही. एक अक्षर चुकलं नाही. मास्तरणीने टाळ्या वाजवल्या आणि एक टॉवेल दिला. टॉवेल चांगला आहे.

घरी आले तर म्हाताऱ्याच्या हाताला कोपरापर्यंत काळं तेल, आणि मागचं डावं चाक जमिनीवर आडवं.

"काय चाललंय?"

"काही नाही. बघत होतो."

"काय बघत होतात?"

"ब्रेक," म्हणाला. "झालं आता. चढवतोय." आणि चढवलं. मला वाचायला बोलावलंही नाही. चला, एक काम कमी.

८ सप्टेंबर, रविवार. ऊन.

कपडे धुतले. म्हाताऱ्याच्या कामाच्या कोटाच्या खिशात दोन खिळे, एक सुकलेली लाल मिरची, आणि एक गोल चकती, मधे भोक, तेलाने काळी झालेली. खिळे परत दिले, मिरची फेकली, चकती बटणांच्या डब्यात टाकली. हिवाळ्याच्या झग्याचं वरचं बटण गेलंय, काही मिळालं नाही तर हीच शिवीन.

१२ ऑक्टोबर, शनिवार. ऊन, पानं लाल.

जेमुशी सुरू झाली.

गिहोने पुढे हँडल घालून फिरवलं, फिरवलं, पाठ धरली, पुन्हा फिरवलं. मग एकदम धूर, आणि असा आवाज की कोंबड्या छपरावर. म्हातारा आत बसला होता. हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसे. गिहो ओरडला, "बाबा, जमलं की!" बाबांनी मान हलवली. मग मला म्हणाला, "अगं, डबा दे. वर उशीर होईल." मी म्हटलं, "कसला डबा? ह्या शेडमधून बाहेर तर काढा आधी." गिहो हसला, पण अर्धवट.

एकवीस तारखेला संग्रहालयात न्यायची. प्योन साहेब बातमीवाल्यांना बोलावणार आहेत. मी भांडी बांधायला घेतलीत. हातब्रेकची वायर तेवढी यायची राहिलीय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. ऊन.

आजचं नीट लिहिते.

सकाळी म्हातारा म्हणाला, गावच्या सभागृहापर्यंत फेरी मारून येतो. गिहो नव्हता, तो कामावर. मी म्हटलं, एकटे नाही जायचं, मी बसते. नवा टॉवेल डोक्याला बांधला आणि चढले. ती सीट म्हणजे फळीच. पहिल्या खड्ड्याला माझे दात बाहेर आले असते, ते मी हातात काढून ठेवले.

फाट्यावर खाली वळायचं होतं. हा वर वळला.

"अहो, सभागृह खाली आहे."

"पार्क थांबलाय वर," म्हणाला. "लाकूड भरून तयार असेल."

वरचा लाकडाचा तळ बंद होऊन वीस वर्षं झाली. तिथे लाकूड भरणाऱ्या पार्कला पुरून त्याहून जास्त. त्याच्या श्राद्धाला दरवर्षी मासे आम्हीच पाठवतो. मला वाटलं, थट्टा करतोय. म्हटलं, "पार्कला माझा नमस्कार सांगा. जिवंतपणी त्याने माझी सुरी नेलीय, ती मागून घ्या." तो हसला नाही.

खोटं कशाला, चालवत फार छान होता. त्या रस्त्याला आता रस्ता म्हणवत नाही. एका बाजूला डोंगर, एका बाजूला काही नाही, मधे गवत. पण त्याचे हातपाय कुणाला न विचारता चालत होते. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा असतो, ते पुस्तकात वाचलंय मी. त्याचा पाय दोनदा जात होता. मला वाटलं, हा माणूस ऐंशीचा नाही.

वर पोचलो. तळावर माणसाच्या उंचीचं गवत, आणि एका बाजूला कुजलेला ओंडका. त्याने गाडी वळवून तोंड खाली केलं आणि थांबवली. इंजिन चालू. बराच वेळ बघत राहिला.

"सगळे कुठे गेले?"

मी डोक्यावरच्या टॉवेलची गाठ घट्ट केली.

मग त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. त्या चेहऱ्याचं मला लिहिता येत नाही. बाजारात आईचा हात सुटलेलं पोर असतं तसा. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर, आणि हलत काही नाही. म्हणाला, "पुढे काय?"

गाडीखाली असताना विचारायचा अगदी तसं. पुढे काय. पुढचं वाच.

पुस्तक घरी. दात माझ्या मुठीत. दात तोंडात घातले आणि म्हटलं, "उतरण लागण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबवावी."

"थांबलीय."

"धिम्या गतीचा दांडा मागे ओढावा."

त्याने ओढला.

"पहिला गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबू नये. ब्रेक धरून ठेवू नये, पुनःपुन्हा दाबून सोडावा."

निघालो. माणूस चालेल त्याहून हळू. इंजिन म्हशीसारखं ओरडत होतं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाच्या आधी त्याने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि त्याचा पाय फळीपर्यंत गेला. पुन्हा दाबला, पुन्हा फळी.

"ब्रेक नाही," म्हणाला. अगदी शांत. मीठ नाही म्हणावं तसं.

मी खाली पाहिलं नाही. माझ्या बाजूलाच काही नव्हतं. मी पान म्हणत राहिले. "ब्रेक निकामी झाल्यास घाबरू नये. क्लच दाबू नये. गिअर बदलू नये. इंजिन बंद करू नये. गाडी डोंगराच्या बाजूने न्यावी." पान संपलं, तर पुन्हा पहिल्यापासून. मधेच एकदा त्याचा डावा पाय क्लचकडे गेला. मी त्याच्या मांडीवर फटका मारला. "दाबू नये म्हटलं ना!" पाय मागे आला.

किती वेळा ते पान म्हटलं कुणास ठाऊक. समारंभात एकदाच म्हटलं तर टॉवेल मिळाला होता.

खाली सपाटीवर आलो, तर समोर आमचा रस्ता आणि यंगवॉलवालीचा मुळ्याचा वाफा. वळता आलं नाही. वाफ्यात शिरलो, मऊ मातीत चाकं रुतली, त्याने चावी बंद केली. एकदम शांत.

यंगवॉलवाली खुरपं घेऊन धावत आली. "माझे मुळे! अगं जिनबूवाली, माझे मुळे!"

"ओरडू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या मुळ्यांना आत्तापर्यंत कधी एवढी किंमत आली नव्हती."

उतरता येईना. शेवटी तिनेच हात देऊन खाली घेतलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. ढग.

गिहो आला. गाडीखाली जाऊन बघितलं. मागच्या डाव्या चाकाच्या नळीतून ब्रेकचं तेल सगळं गळून गेलंय. तिथे एक चकतीच नाही म्हणाला. मी उठले, बटणांचा डबा आणला, शोधून त्याच्या हातावर ठेवली. त्याने कापडाने पुसली. काळ्याखालून लाल निघालं.

"आई, ही तुला कुठे मिळाली?"

"बाबांच्या खिशात."

तो आणखी काही विचारणार होता. मी स्वयंपाकाला लागले.

प्योन साहेबांना कळवलं, एकवीस रद्द.

२३ ऑक्टोबर, बुधवार. पाऊस.

वोंजूच्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. तिथेही विचारलं, आज वार कोणता. म्हाताऱ्याने शेतकऱ्याचं उत्तर काढलं. डॉक्टर हसला नाही. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ह्याने गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लावले, पावसात आडोशाला उभे राहिल्यासारखे.

डॉक्टरने एक शब्द सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. लिहिता येत नाही म्हणून नव्हे.

घरी येऊन ही वही शेवटापासून सुरुवातीकडे वाचत गेले. जून आला. वेळकाढूपणा, असं लिहिलंय. अक्षर मात्र चांगलं आलंय तिथे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. ऊन.

रांजणातून पानं काढली. तांदळाची पूड झटकली आणि वर्गात घेऊन गेले. मास्तरणीला म्हटलं, ह्यातलं एकेक चिनी अक्षर सांग. तिने वेळ लावून सांगितलं, मी पेन्सिलने प्रत्येकाच्या डोक्यावर आपल्या अक्षरात लिहिलं. वंगण. डावा. दाब. तांबं. जुनं. सगळे एवढे साधे शब्द, रोजचे. मला वाटत होतं काहीतरी मोठं असेल.

घरी म्हाताऱ्यासमोर पानं ठेवली. "सापडली."

त्याने हात फिरवला. "उंदरांनी परत दिली?"

"हो."

"चांगले उंदीर आहेत," म्हणाला. "घरातच ठेव त्यांना."

२९ ऑक्टोबर, मंगळवार. पहिलं दव गोठलं.

सगळ्या चाकांचे ब्रेक पुन्हा उघडले. गिहोने नव्या चकत्या आणल्या होत्या. तो हाताशी होता, पण पाना बापाच्याच हातात. मी बादलीवर. आधी वरून खाली, मग खालून वर. आता मी कुठे थांबत नाही.

"नळीच्या तोंडाशी तांब्याची चकती बसवावी."

"मला ठाऊक होतं," खालून आवाज.

"मग बोलायचं होतं आधी."

"तू बोलूच देत नाहीस."

गिहो बाजूला जाऊन नाक शिंकरत होता. थंडी बाधली असेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार. ऊन.

जेमुशी गेली. मोठ्या गाडीच्या पाठीवर. म्हाताऱ्याने अट काढली नाही, मीही आठवण केली नाही. मात्र वर चढवली ती त्यानेच. दोन फळ्या लावल्या होत्या, तेवढ्यावरून चालवत नेली, स्वतःच्या चाकांवर. ब्रेक दाबला. थांबली. खाली उतरून दार लावलं. कडीही आता कारखान्याची. माझ्या कपाटाची कडी त्याने काढून मला परत दिली.

प्योन साहेब पुस्तकही मागत होते, काचेत ठेवायला. दिलं. त्यांनी चाळलं. "आजी, मधली चार पानं दिसत नाहीत."

"उंदरांनी खाल्ली," मी म्हटलं.

म्हातारा बाजूलाच उभा होता. म्हणाला, "चांगले उंदीर होते."

३ डिसेंबर, मंगळवार. बाहेर बर्फ. आत कळत नाही.

वोंजू. नळ उघडला की गरम पाणी. जमीनही गरम. शिव्या द्यायला काही उरलेलं नाही, त्यामुळे बोलणंच कमी झालंय. हिवाळ्याची किमची सुनेने दुकानातून आणली. खाल्ली. मरत नाही कुणी त्याने.

म्हातारा सकाळपासून गॅलरीत उभा राहून खालच्या गाड्या बघतो. कुठली गाडी कुठे उभी आहे ते सांगतो. सुनेचं नाव विचारतो. ती दर वेळी सांगते, "हेजंग, बाबा." चांगली पोरगी आहे. हे तिला सांगायचं नाही, लाडावेल.

आज म्हणाला, "पुस्तक आण. ब्रेक उघडू."

हेजंगने माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले. तांदळाचा रांजण बरोबर आणलाय, त्यातून पानं काढली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. तो त्यावर आडवा झाला, गुडघे दुमडून, तोंड वर, दोन्ही हात हवेत. मी बादली शोधली, इथे बादली नाही, म्हणून नातवाच्या लहानपणीच्या स्टुलावर बसले.

वरून खाली वाचलं. त्याने सगळं उकललं. मग खालून वर. चकतीची ओळ आली तेव्हा त्याने माझ्याकडे हात पसरला. रिकामा हात तसाच धरून थांबला. मी उठून बटणांच्या डब्यात परत ठेवलेली ती लाल चकती आणली आणि तळहातावर ठेवली.

त्याने डोळे मिटले, अंगठ्याने तिच्या कडेवरून फिरवून पाहिलं.

"ही जुनी आहे," म्हणाला. "जुनी चकती परत वापरू नये. लिहिलंय ना?"

"लिहिलंय," मी म्हटलं. "आजच्या दिवस जुनीच बसवा."